चाळीस पावांचं माप

८ फेब्रुवारी

मामा,

सुरुवात कशी करायची यातच दोन कागद फुकट गेले. अठरा वर्षांत तुम्हाला एक अक्षर लिहिलं नाही, आता एकदम लांबलचक नमस्कार घालायचीही लाज वाटते. मी तुमची भाची, बारकी. तुम्ही शेवटचं पाहिलंत तेव्हा मी सोळाची होते. आता चौतीस पूर्ण झाली आणि बारीक म्हणावं असं अंगावर काही उरलेलं नाही. घरीच शिवणकाम करते, शाळांचे गणवेश असतात बहुतेक. आई माझ्याजवळच राहते.

तुमचा पत्ता आईच्या जुन्या पर्सच्या आतल्या कप्प्यात सापडला. चार घड्या घातलेला, पण होता.

काम असं आहे. आईला आजोबांच्या भट्टीतला तो लांब पाव खायचाय, फ्रेंच ब्रेड. मी दुकानातून आणून दिला. तिने बोटाने दाबून बघितला, कानाजवळ नेऊन मोडला आणि परत पिशवीत घातला. हा नव्हे म्हणाली. मग मी म्हटलं, कसा करायचा ते तूच सांग. त्यावर म्हणाली, "पिठाचं मला काय विचारतेस? पीठ त्याचं होतं." एवढं बोलून भिंतीकडे तोंड केलं.

म्हणून तुम्हाला विचारते. मी लिहितेय हे तिला माहीत नाही. पुस्तकांत आणि फोनवर शंभर कृती आहेत, मी एकही वाचलेली नाही. मला तुमचीच हवी, आणि मापासकट हवी. माझं शिवणाचं डोकं आहे, मापाशिवाय कात्री चालत नाही. समोरच्या मास्तरीणबाईंनी त्यांचा जुना ओव्हन वापरायला दिलाय. आजवर मी साधा केकसुद्धा केलेला नाही.

आई तशी बरी आहे. जिना चढताना दम लागतो म्हणून खाट खालच्या खोलीत आणलीय, इतकंच.

बारकी


१५ फेब्रुवारी

बारके,

आधी ते 'तुम्ही' बंद कर. माझ्या खांद्यावर बसून माझे केस ओढायचीस तेव्हा 'तू'च होतो मी. आणि फोन करू नकोस. कारखान्याच्या घरघरीने माझे कान गेलेत, समोरचा माणूस ओरडला तर थोडं कळतं, फोनमधलं काहीच कळत नाही. पत्रच बरं, त्याला ओरडावं लागत नाही.

मी अजून याच धंद्यात आहे. मोठ्या बेकरीच्या कारखान्यात. तुझ्या आईला सांगायचं तर सांग, नाहीतर राहू दे. तिला वाटलं होतं मी उपाशी मरेन. भट्टी पाडायच्या कागदावर मी सही केली, तिला न विचारता केली, हे मी कधी नाकारलेलं नाही. ती आली तेव्हा अर्धी भट्टी विटांचा ढीग झाली होती. त्या ढिगावर उभी राहून ती सगळ्यांदेखत मला म्हणाली, "माझ्याशिवाय तुला हा पाव जन्मात जमायचा नाही." रागात माणूस काहीही बोलतं, ते मी समजू शकतो. पण ती हे शांतपणे बोलली होती.

असो. तुझं माप.

आमचं माप चाळीस पावांचं. दहा किलो मैदा, साडेसहा लिटर पाणी, दोनशे ग्रॅम ओलं यीस्ट. तुला दोन पाव पुरे, म्हणून सगळ्याला विसाने भागलं. अर्धा किलो मैदा, सव्वातीनशे मिली पाणी, आणि तुला सुकं यीस्ट मिळेल ते चार ग्रॅम. पाणी हाताला कोमट लागेल इतकंच. सगळं एकत्र करून नुसतं भिजव, मळू नकोस. ओलं फडकं झाकून अर्धा तास तसंच ठेव. हा अर्धा तास चुकवायचा नाही, पीठ पाणी पिऊन घेतं. तेवढ्यात तू चहा पिऊन ये. मी तेच करायचो, भट्टीसमोर चहाची टपरी होती. मग पंधरा मिनिटं मळ. हाताला चिकटलं तरी वरून मैदा भुरभुरायचा नाही, तिथेच सगळे नवशिके घाण करतात. मग दुप्पट होईपर्यंत फुगू दे, दीड-दोन तास लागतील. दोन भाग कर, लांब वळ, तासभर पुन्हा झाक. ब्लेडने तिरप्या चिरा दे आणि ओव्हन जितका तापेल तितका तापवून आत घाल.

लिहिल्यासारखं कर. आपली अक्कल मध्ये घालू नकोस.

तुझा मामा


२३ फेब्रुवारी

मामा,

अक्कल अजिबात घातली नाही, शपथ. शिवणाच्या टेपने पावाची लांबीसुद्धा मोजली. तरी जे बाहेर आलं ते बघून मास्तरीणबाई म्हणाल्या, पायपुसणं छान झालंय.

काय झालं ते क्रमाने सांगते. भिजवलं, झाकलं, चहा प्यायले. मळायला घेतलं तर गोळा कसला, नुसता चिखल. ताठ म्हणून होईना. इस्त्री न केलेल्या कॉलरसारखा लोळत राहिला. पण फुगला मात्र असा की तू बघायला हवं होतंस. दीड तास म्हणालास, इथे पाऊण तासात पातेल्यावरचं फडकं वर उचललं गेलं. मला इतका आनंद झाला की आईला पातेलं नेऊन दाखवलं. म्हणजे आता तिला कळलंय मी काय करतेय ते. तिने बोट खुपसून बघितलं आणि विचारलं, त्याने काय काय लिहिलंय? मी सगळं वाचून दाखवलं. तुझं भट्टीचं रडगाणं सोडून. तिचं अर्धं लक्ष पातेल्यात होतं. "कर त्याने सांगितलंय तसंच," एवढंच म्हणाली.

मग वळलेले पाव ओव्हनमध्ये पसरले आणि सपाट झाले. चिरा दिल्या होत्या त्या बुजून गेल्या. रंगही आला नाही, पांढरेफटक. तो पाव मी आईला दिलाच नाही. मी आणि मास्तरीणबाईंनी चहात बुडवून संपवला. चवीचं म्हणशील तर मला बरा लागला. बाईंनी मात्र एकच तुकडा घेतला. आमच्याकडे सगळं बेताचंच असतं हे त्यांना माहीत आहे.

माझं काय चुकलं ते लिही. आणि लवकर लिही. आई आता उशीला टेकूनच बसलेली असते, खिडकीतून पोस्टमन दिसतो तिला.

बारकी


२ मार्च

बारके,

चुकलं ते तुझ्या स्वयंपाकघराचं. खोली गरम असणार, म्हणून पाऊण तासात फुगलं. रंग आला नाही म्हणजे ओव्हन तापला नव्हता. मास्तरीणबाईंचा जुना ओव्हन म्हणजे मास्तरीणबाईंइतकाच जुना असेल. आणि गोळा ताठ झाला नाही तो तुझ्या हातांमुळे. सुई धरणारे हात ते, पीठ त्यांना हसत असेल.

या खेपेला पाणी गार घे. पाव आत घालायच्या आधी ओव्हनच्या तळाशी पत्र्याचा ट्रे तापत ठेव आणि पाव घालताना त्यात वाटीभर उकळतं पाणी ओत. भट्टीत आमचा ओल्या फडक्याचा बोळा फिरायचा, तसंच हे. वाफ असली की कवच चकाकतं. पाव बाहेर काढला की पालथा करून बोटाने वाजव. पोकळ वाजला तर झाला. थंड होताना त्याचं कवच आपोआप तडतडतं. तुझी आई कानाजवळ नेऊन मोडते म्हणालीस, ते त्यासाठी. अण्णा, म्हणजे तुझे आजोबा, आम्हाला म्हणायचे, पाव बोलू लागला की दुकान उघडा.

ताई भर दिवसा उशीला टेकून का बसते? तिला बसलेली मी कधी बघितलेली नाही. काही असेल तर सरळ लिही. मला बोलावणं आलं तर मी येईन. पण ते तिच्याकडून यायला हवं, तुझ्याकडून नव्हे. एवढा तरी मान मला असू दे.

मामा


९ मार्च

मामा,

आज सकाळी दुसऱ्यांदा केला. गार पाणी, वाफ, सगळं. रंग थोडा आला, आकारही पावासारखा दिसला. थंड होताना दोनदा तडतडला, मी स्वतः ऐकलं. ताटलीत घालून आईसमोर धरला. तिने वास घेतला, कडेचा तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि चावता चावता थांबली. कितीतरी वेळ तो घास तसाच तोंडात होता. मग तिने उरलेला पाव ताटलीत ठेवला आणि ताटली बाजूला सारली. "हा आमचा पाव नाही," म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.

सकाळपासून उभी आहे मी यासाठी. तुझा राग आला, तिचा आला, त्या ओव्हनचाही आला. गणवेशाच्या चाळीस कॉलरी पडून आहेत. यापुढे हे मला जमेल असं वाटत नाही.

बारकी


११ मार्च

मामा,

परवाचं पत्र मी चिडून टाकलं. त्याच्यावर जाऊ नकोस. आधी हे वाच.

मी तुझ्याशी पहिल्या पत्रापासून खोटं बोलत आलेय. आईला सगळं माहीत होतं, पत्ता तिनेच काढून दिला. आणि ती बरी नाही. दोन वर्षं तिची किडनी बिघडलेली आहे. आठवड्यातून तीनदा रक्त धुवायला नेत होतो. गेल्या महिन्याअखेरीस डॉक्टरांनी ते थांबवलं, हृदयाला आता झेपत नाही म्हणाले. घरीच ठेवा म्हणाले. किती दिवस, ते मी विचारलं नाही. त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळलं.

तुला कळवायचं नाही अशी तिने मला शपथ घातली होती. "मरतेय म्हणून आला तर मला नको. पावासाठी आला तर येऊ दे." ती शपथ मी आता मोडतेय.

त्या दिवशी संध्याकाळी आईने डोळे उघडले आणि हसायला लागली. ठसका लागेपर्यंत हसली. मी घाबरले. म्हणाली, पत्र आण त्याचं, माप पुन्हा वाच. मी वाचलं. मैदा, पाणी, यीस्ट. "पुढे?" म्हणाली. पुढे काही नाही म्हटलं. तेव्हा म्हणाली, "अगं, मीठ कुठाय?"

मामा, मला कळलंच नाही. दोन वर्षं या घरात मीठ नाही. तिला बंद केलं तेव्हा मीही सोडलं, डबाच काढून टाकला. माझी जीभ अळणी झालीय. आणि तू लिहिलं नव्हतंस, म्हणून मी घातलं नाही.

मग तिने मला सांगितलं. पीठ भिजवून झाकलं की तू चहाला जायचास. त्या अर्ध्या तासात फडकं उचलून मीठ तीच घालायची. दोनशे ग्रॅम, आजोबांनी ते काम तिला सातव्या वर्षी दिलं होतं, आणि मीठ पडल्याशिवाय पीठ ताठ होत नाही म्हणाली. तू परत येऊन नुसता मळायला लागायचास.

तिची अशी खात्री आहे की तू ते मुद्दाम लिहिलं नाहीस. तिची जागा तिच्यासाठी ठेवलीस. दोन दिवस तेच बोलतेय. मिठाचा पुडा आणायला लावला, वाटीत काढून उशाशी ठेवलाय. तुला निरोप दिलाय, तिच्याच शब्दांत लिहिते. "त्याला म्हणावं, येऊन पीठ भिजव. मीठ मी घालते."

तिच्याकडून बोलावणं हवं होतं ना तुला? हे घे. आजच्या आज नीघ.

बारकी


१४ मार्च

बारके,

तुझं नऊ तारखेचं मिळालं. ताटली बाजूला सारली म्हणालीस. वाचून मला तोच विटांचा ढीग दिसला आणि त्यावर उभी असलेली ती. अठरा वर्षांनी, तुझ्या हातून, पाच-सहाशे कोसांवरून तिने मला पुन्हा तेच ऐकवलं. शाबास म्हणावं. मी मूर्ख, ओव्हनमधल्या वाफेबद्दल लिहीत बसलो.

तिला खुशाल सांग, नाही जमत मला तो पाव. तिचंच खरं. आता पुन्हा मला लिहू नकोस.

मामा

हे पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात तुझं आणखी एक पत्र येऊन पडलं. मी ते फोडलेलं नाही आणि फोडणारही नाही.


२६ मार्च

मामा,

आई एकवीस तारखेला दुपारी गेली.

तुझं चौदाचं पत्र अठराला आलं. पोस्टमन आईनेच आधी बघितला. मी दारातच ते वाचलं, घडी घातली, आणि आत जाऊन तिला सांगितलं की मामा निघालाय, दोन गाड्या बदलून येणार, वेळ लागेल. मला इतकं सफाईने खोटं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

त्याच दिवशी तुझ्या पाकिटावर छापलेल्या नंबरवर कारखान्यात फोन केला. उचलणारा म्हणाला, ते बटणांवर आहेत. कसली बटणं विचारलं तर म्हणाला, पीठ मळायच्या मशीनची. पाव तिथे कोणी हाताने करत नाही, सगळं गोणीतून येतं. मी म्हटलं, त्यांना एवढंच सांगा की बहिणीचं आता काही खरं नाही, लगेच निघा. तो म्हणाला, सांगतो.

तीन दिवस आई दाराकडे तोंड करून होती. एकोणीसला विचारलं, आला का. वीसला विचारलं, आणि मी अजून नाही म्हटल्यावर म्हणाली, "चहाला थांबला असेल कुठेतरी." त्यावर थोडी हसलीसुद्धा. शेवटच्या दिवशी काही विचारलं नाही. मिठाची वाटी तिच्या हाताजवळ होती. खाट आवरताना थोडं मीठ चादरीत सापडलं.

तुझ्यावर ओरडायचं ठरवून बसले होते. आता तेवढा जीव नाही. फक्त एक विचारते, मग पुन्हा लिहिणार नाही. ती म्हणायची तसं, तू मीठ खरंच तिच्यासाठी सोडलं होतंस का? मला हो म्हणून कळव.

बारकी


४ एप्रिल

बारके,

तुझं हे पत्र वाचून मग ते आधीचं, न फोडता कपाटावर टाकलेलं पत्र फोडलं. उलट्या क्रमाने वाचली दोन्ही. आधी ताई गेली, मग तिने मला बोलावलं.

फोनचा निरोप मिळाला होता. चिठ्ठीवर लिहून दिलं त्याने, भाचीचा फोन, बहीण, लगेच निघा. मी म्हटलं, नाटकं आहेत. चिठ्ठी खिशात घातली आणि पाळी पूर्ण केली. ती अजून त्याच खिशात आहे.

तू हो म्हणून कळव म्हणालीस. हो लिहिलेला एक कागद तयार होता, तो फाडला. तुझ्या आईशी तू खोटं बोललीस, माझ्याशी बोललीस, आता मी तुझ्याशी बोलायचं, हे कुठेतरी थांबायला हवं. बारके, मी तिची जागा ठेवली नव्हती. मला मीठ आठवलंच नाही. पावाला मीठ लागतं हे मला माहीत नाही असं नव्हे, ते डोक्याला माहीत आहे. हाताला माहीत नव्हतं. मी पीठ झाकून बाहेर जायचो, परत यायचो तेव्हा पीठ तयार असायचं. ते तयार कोण करतं याचा मी कधी विचार केला नाही. पुढे कारखान्यात आलो, इथे गोणीत मीठ मिसळूनच येतं. म्हणजे साठ वर्षांच्या आयुष्यात मी पावात चिमूटभर मीठ घातलेलं नाही. ती ढिगावर उभी राहून बोलली ते रागाचं नव्हतंच. ती नुसतं काम सांगत होती, आणि मला ते अठरा वर्षं टोचत राहिलं. ती हसली, खूश झाली, ते माझ्या विसरण्यावर. तेही मला तिला सांगता आलं नाही.

रविवारी सुट्टी होती. दुकानातून अर्धा किलो मैदा आणला. स्वतःच्या घरात, स्वतःसाठी, पहिल्यांदाच. सव्वातीनशे पाणी, चार ग्रॅम यीस्ट. मिठाचा पुडाही आणला आणि ओट्यावर समोरच ठेवला, दहा ग्रॅम मोजून. पीठ भिजवलं, ओलं फडकं झाकलं. तिथे उभं राहून मीठ घालायचं होतं, तेवढंच तर काम होतं. मला ते करवेना. पायात चपला घातल्या आणि कोपऱ्यावर जाऊन चहा प्यायलो. सावकाश प्यायलो. घड्याळ बघून बरोबर अर्ध्या तासाने परत आलो, हात धुतले आणि फडकं उचललं.

मीठ पडलेलं नव्हतं.

मामा